वल्लभ मिस्त्रीला आणायला

चैत्रातल्या एका सकाळी आमचा रहाट मोडला. बैल फिरत होता, मी पाटाच्या तोंडाशी कुदळ घेऊन उभा होतो, आणि मागं झाड पडावं तसा आवाज झाला. आडव्या चाकाचे पाच दात एका दमात गेले, उभ्या चाकाला हातभर चीर पडली आणि भरलेल्या गाडग्यांची माळ उलटी फिरत विहिरीत घसरली. बाबा पळत आले. त्यांनी आधी बैलाचं जू काढलं, त्याच्या मानेवरून हात फिरवला आणि मग काठावर बसून ते चाकाकडं नुसतं बघत राहिले.

ही सदुसष्ट सालची गोष्ट. चिंचणीहून बोईसरला जाताना रस्त्याच्या खालच्या अंगाला आमची खारआळी. पंधरा-वीस घरं, प्रत्येकाची मागं वाडी. आमच्या वाडीत केळी होत्या, चार नारळ होते आणि पाच गुंठ्यांचा पानमळा होता. पानवेल म्हणजे तान्ह्या मुलासारखी. चैत्रात एक दिवसाआड पाणी लागतंच. इंजिन घेण्याची आमची ऐपत नव्हती.

त्या दिवसापासून आम्ही कावडीनं पाणी घालायला लागलो. मी आणि बाबा वाहायचो, आई विहिरीतून शेंदायची. तिसऱ्या दिवशी माझ्या उजव्या खांद्याचं कातडं सोललं. आईनं त्यावर खोबरेल लावलं आणि फडक्याची घडी ठेवली. बाबांचं वय तेव्हा साठीला टेकलेलं. ते कावड उचलताना एक हात गुडघ्यावर रोवायचे, आणि मला दिसू नये म्हणून माझी पाठ वळायची वाट बघायचे.

संध्याकाळी पुंजाराम मदतीला यायचा. तो आणि त्याची बायको मैनाबाई गोठ्याला लागून असलेल्या पडवीत राहायची. जालन्याकडची माणसं. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चाललं होतं, तिथं दोघंही काँक्रीट वाहायची. मैनाबाईला आमच्याच पडवीत मुलगी झाली होती, दोन महिन्यांपूर्वी. आईनंच तिचं बाळंतपण केलं होतं. बारा तास घमेली उचलून आलेला पुंजाराम हातपाय धुवायच्या आधी माझ्या खांद्यावरची कावड काढून घ्यायचा.

"राहू द्या, दमला असाल," मी म्हणायचो.

"दमल्यावर झोप चांगली लागती," तो म्हणायचा, आणि चालू लागायचा.

मला त्याच्याकडं बघायची लाज वाटायची. कारण सांगतो.

त्या साली पंचायतीची निवडणूक होती. माझा मित्र दामू उभा होता. दामू वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. त्याच्या चुलत्याची जमीन रस्त्यात गेली होती. आम्ही दोघं कामासाठी बांधकामाच्या फाटकावर तीनदा गेलो, तिन्ही वेळा मुकादमानं हाकललं. तिसऱ्यांदा त्यानं माझे तळवे उलटे करून बघितले आणि मागच्या माणसांना दाखवत म्हणाला, "ये पान तोडनेवाले हाथ हैं. दो दिन में भाग जाएँगे." रांगेतली माणसं हसली. त्यांत परगावचे पुष्कळ होते. परतीच्या वाटेवर दामू म्हणाला, "जमीन आमची, आन आमालाच हसतात."

तिथून ते सुरू झालं. हसवलं मुकादमानं, पण मुकादम आमच्या हाताला लागत नव्हता. हाताला लागत होती ती आमच्याच आळीत भाड्यानं राहणारी माणसं. दामूच्या ओट्यावर पोरं जमायला लागली. बाहेरच्यांमुळं विहिरी आटतात, बाहेरच्यांमुळं काम मिळत नाही, बाहेरचे मतदार यादीत घुसले. मीही बोलायचो, आणि बोलताना बरं वाटायचं. कुणीतरी माझे तळवे धरून मला लहान केलं होतं, आणि इथं मी मोठा होत होतो.

शेवटी ठरलं की फलक लावायचा. माझं अक्षर चांगलं, म्हणून ते काम माझ्याकडं आलं. आळीच्या विहिरीच्या भिंतीवर मी गेरूनं लिहिलं : 'बाहेरच्यांस घर देऊ नये. बाहेरच्यांस येथे पाणी भरू देऊ नये. हनुमान जयंतीपर्यंत आळी मोकळी करावी.' खाली 'समस्त ग्रामस्थ' असं लिहून रेघ ओढली.

रहाट मोडला त्याच्या दुसऱ्या दिवशीची ही गोष्ट.

बाबांनी तो फलक सकाळी वाचला. घरी येऊन भाकरी खाल्ली, पाणी प्याले, तांब्या जागेवर ठेवला आणि म्हणाले, "अक्षर तुझं हाय."

मी खाली बघून म्हणालो, "सगळ्यांचं ठरलं."

"हं," ते म्हणाले, आणि कावड घेऊन वाडीत गेले.

बोईसरहून एक सुतार आणला. त्यानं दोन दिवस ठोकाठोक केली, नवे दात बसवले, बैल जुंपला. तीन फेऱ्यांत दात परत निखळले. "मी खिडक्या-दरवाजेवाला," तो म्हणाला. "हे काम करणारी मानसं आता नाय राहिली." वेलींची खालची पानं पिवळी पडायला लागली होती. आई रोज ती खुडून पदरात घ्यायची आणि बैलापुढं टाकायची.

हनुमान जयंती तीन दिवसांवर आली तेव्हा दामू आमच्या अंगणात आला. सोबत चौघं होते.

"काका, तुमी जाणते. तुमच्याच पडवीत बाहेरची मानसं राहिली तर आमी दुसऱ्यांना काय सांगावं?"

बाबा दोर वळत होते. "तान्ही पोर हाय तिला," ते म्हणाले.

"सगळ्यांनाच पोरं हायत, काका."

मैनाबाई पडवीच्या दारात मुलीला घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं. तिनं दोरीवर वाळत घातलेली लंगोटी काढली, एक-एक घडी केली आणि आत गेली. दामूची माणसं गेल्यावर पुंजाराम बाहेर आला. "मालक, आमच्यापायी तुमच्यावर बालंट नको. दोन रोजात जातो आमी."

बाबांनी दोर खाली ठेवला. "दोन रोज थांबतोस ना? मग तेवढं मळ्याचं पानी बघ. मी आन एकनाथ उद्या बाहेरगावी जातोय."

"कुठं?" मी विचारलं.

"वल्लभ मिस्त्रीला आणायला."

चुलीशी बसलेल्या आईच्या हातातली फुंकणी तिथंच थांबली.

वल्लभ मिस्त्री मला अंधुक आठवत होता. आमचा रहाट त्यानंच बनवला होता. आळीतले सगळेच रहाट त्याचे. मी सात-आठ वर्षांचा असताना तो गाव सोडून गेला, एवढंच मला माहीत होतं. का गेला, हे घरात कधी कुणी बोललं नाही.

सकाळी आम्ही चालत बोईसरला गेलो आणि संजाणकडं जाणारी गाडी धरली. डबा जवळजवळ रिकामाच होता. एक म्हातारी वाणगावला उतरली, मग आम्ही दोघंच. डहाणू मागं पडेपर्यंत बाबा खिडकीबाहेर बघत होते. मग एकदम बोलायला लागले, माझ्याकडं न बघता.

"छप्पन साल. हा मुलूख मुंबईत जानार, गुजरातेत जानार, का महाराष्ट्रात, रोज तेच चाललेलं. आमी सगळे पेटलेलो. मी तवा तुझ्यावानी कवळा नव्हतो. चांगला जाणता होतो. मिस्त्रीच्या घरात गुजराती बोलायचे, पन तीन पिढ्या आळीत काढलेल्या. एक दिवस कोन तरी बातमी आनली, की मिस्त्री गुजरातवाल्यांच्या सभेला गेला होता डहाणूला. झालं. ठरवलं, त्याला काम द्यायचं नाय, लाकूड द्यायचं नाय, त्याच्या घरी जायचं नाय."

"गेला होता का तो सभेला?"

"गेला होता. त्यांचं व्यासपीठ बनवायला. त्याच्या आदल्या महिन्यात आमच्या सभेचंबी त्यानंच बनवलेलं. ते कुनाच्या ध्यानात आलं नाय. आलं आसंल, पन कोन बोललं नाय. मीबी नाय बोललो."

गाडी घोलवडला थांबली आणि निघाली. बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"त्याच्या पोरीचं लग्न ठरलेलं. चंद्रकांता. गावात कोन येनार नाय म्हनून लग्न नवऱ्या मुलाच्या गावी न्यायचं ठरलं. बोईसर टेसनापर्यंत नवरीला न्यायला मी माझी बैलगाडी देनार होतो. चार महिन्यांआधी कबूल केलेलं. पोरगी आपल्या आंगनात वाढली रे, तुला कडेवर घेऊन फिरायची. आन त्या सकाळी मी बैल सोडून दिले चरायला. गाडी आंगनात उभी. मिस्त्री दोनदा फाटकापर्यंत आला, हाक मारली. तुझी आय आतनं म्हनाली, जा बाहेर. मी मळ्यात गेलो आन वेलींच्या आड उभा राहिलो."

"मग?"

"मग काय. चालत गेली. वैशाखाचं ऊन, अडीच कोस रस्ता, पोरगी नवरीच्या लुगड्यात. मी वेलींतनं बघत होतो. आपल्या आंगनातल्या गाडीकडं बघितलं तिनं एकदा. आठ दिवसांनी मिस्त्रीनं हत्यारं बांधली आन तो गेला."

फलकावरची अक्षरं माझ्या डोळ्यांपुढं होती, माझी, गोल आणि सुबक.

"साठ साली राज्यं झाली," बाबा म्हणाले. "कुटं तरी रेघ पडली. आपन ह्या अंगाला राहिलो, बरं झालं, आनंद झाला मला. पन एकनाथ, मिस्त्री राहिला आसता तरी रेघ तिथंच पडली आसती. त्या पोरीला चालवल्यानं ती इतकीशीबी हलली नाय." त्यांनी बोटाचं पेर दाखवलं. "ह्ये मी कोनाला सांगितलं नव्हतं. तुझ्या आयशीला ठावं हाय, पन बोलत नाय ती."

टोपीची कड ते चुरगळत होते. बापाला असं बसलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

संजाणला, रेघेच्या पलीकडं गुजरातेत, उतरून पाऊण तास चाललो. दोन ठिकाणी विचारत मिस्त्रीचं घर सापडलं. कौलारू, लहान, अंगणात सागाची फळकुटं. ओट्यावर एक म्हातारी तांदूळ निवडत होती. मिस्त्रीची बायको, दिवाळीबेन. तिनं हात कपाळाशी नेऊन बाबांना न्याहाळलं. ओळख पटली तशी ती उठली नाही, या म्हणाली नाही.

"गाडी आणलीस काय, धर्माजी?" तिनं विचारलं. आमच्याच बोलीत.

बाबा अंगणात उभे राहिले. चप्पल काढली. उन्हानं तापलेल्या मातीवर अनवाणी, मान खाली. "नाय आनली," ते म्हणाले. "उशीर झाला मला."

आतून वल्लभ मिस्त्री आला. वाळलेला, उंच, उजवा हात सारखा थरथरत असलेला. त्याच्यामागं एक तिशीतली बाई. ती चंद्रकांता, सुट्टीला मुलांना घेऊन माहेरी आलेली. बाबांनी तिच्याकडं बघितलं आणि हात जोडले. तिला ते आवडलं नाही.

"हात नका जोडू, काका. मोठे आहात," ती म्हणाली. "पायाला फोड आले होते माझ्या. लग्नात तसेच लपवून बसले. कुरगावच्या पुढं एका वारली बाईनं मला तिच्या झोपडीत बसवलं, पाणी दिलं, पायाला कसला तरी पाला बांधला. तिचं नाव विचारायचं राहिलं. तुमचं नाव मात्र रोज आठवायचं पहिली काही वर्षं."

"आठवायलाच पायजे," बाबा म्हणाले.

ती आत गेली. मला वाटलं, झालं, आता परत फिरायचं. पण ती पाण्याचे दोन पेले घेऊन आली. एक माझ्या हातात देताना तिनं माझ्या तोंडाकडं निरखून बघितलं. "हा एकनाथ ना? कडेवरून उतरायचा नाही." आणि ती हसली. तिला हसायला काही कारण नव्हतं. ते हसू मिळालं त्याचे उपकार मी अजून मानतो.

बाबांनी रहाटाची गोष्ट काढलीच नाही. मलाच बोलावं लागलं. मोडल्याचं ऐकलं तसा मिस्त्री पुढं सरकला. "उभ्या चाकाला चीर? आरं, मधल्या कण्याला आधी झीज आली असणार. बोईसरच्या सुतारानं कणा बघितला?"

"नाय."

"मग दात कसे टिकतील!" तो चिडलाच. त्यानं थरथरणारा हात वर केला. "पण ह्याच्यानं तासणी धरवत नाही आता. मी येऊन काय करू?"

"तुमी सांगा, आमी धरू," मी म्हणालो.

दिवाळीबेननं सूप खाली ठेवलं. नवऱ्याकडं बघून ती गुजरातीत काहीतरी बोलली. मला तेव्हा कळलं नाही. नंतर मिस्त्रीनं सांगितलं. ती म्हणाली होती, विहीर काही भांडली नव्हती, जा.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं बोईसरहून चालत आळीत शिरलो तेव्हा विहिरीवर दामू आणि पाच-सहा जण होते. भिंतीवर माझा फलक. मिस्त्रीनं जाता जाता तो वाचला. त्याची पावलं थांबली, आणि मला वाटलं की हा माणूस आता मागं फिरेल.

मी घरात जाऊन चुन्याचं मडकं आणि कुंचा आणला. सगळ्यांच्या देखत भिंतीला चुना फासायला लागलो. गेरू चुन्यातून वर येत होता म्हणून दुसरा हात द्यावा लागला.

"एकनाथ, फितूर झालास," दामू म्हणाला.

"मी लिहिलेलं मी पुसतोय."

"चार मतांनी पडलो तर तुझ्यामुळं."

मला त्याला आगगाडीतलं सगळं सांगायचं होतं. पण ते बाबांचं होतं, माझं नव्हतं. मी पुसत राहिलो. कुणीतरी माझ्या पाठीवर माती फेकली. ओली माती, सदऱ्यावर बसली. आईनं संध्याकाळी तो सदरा धुतला आणि मला न मागता गूळ-खोबरं दिलं, लहानपणी द्यायची तसं.

घरी पुंजारामची बोचकी दारात बांधून ठेवलेली होती. बाबांनी ती एक-एक उचलून परत पडवीत नेऊन ठेवली. पुंजाराम "मालक, मालक" करत मागं फिरत होता. बाबा म्हणाले, "मिस्त्रीला दोन हात पायजेत. तू खाडा कर उद्या."

तीन दिवस काम चाललं. मिस्त्री बाजेवर बसायचा आणि सांगायचा; तासणी पुंजारामच्या हातात. मिस्त्रीचं निम्मं बोलणं पुंजारामला कळायचं नाही आणि पुंजारामचं मिस्त्रीला. "हळू, हळू! लाकूड आहे, वैरी नाही!" मिस्त्री ओरडायचा. पण दुसऱ्या दिवशी त्यानं पुंजारामनं तासलेल्या दातावरून अंगठा फिरवला आणि परत ओरडला नाही. आई मिस्त्रीच्या पानात स्वतः वाढायची. जेवताना एकदा ती म्हणाली, "मिस्त्री, मी त्या दिवशी बाहेर यायला हवं होतं." मिस्त्री म्हणाला, "सुगंधा, भात वाढ." एवढंच. पण त्यानं भात दोनदा घेतला.

चौथ्या दिवशी सकाळी बैल जुंपला. माळ विहिरीत उतरली, वर आली, पाणी पाटात पडलं. मैनाबाई मुलीला घेऊन पाटात पाय सोडून बसली. मळ्यातल्या निम्म्या वेली तोवर गेल्या होत्या, त्या गेल्याच. उरलेल्या धरल्या.

निवडणुकीत दामू निवडून आला. आमच्या आळीत सात बिऱ्हाडं बाहेरची होती. चार घरमालकांनी काढली, ती सालवडच्या बाजूला ताट्या उभ्या करून राहिली. पुंजारामचं बिऱ्हाड आणि आणखी दोन राहिली. आमच्याशी आळी चार महिने बोलली नाही. मी दामूच्या घरावरून जाताना तो तोंड फिरवायचा.

श्रावणात एका दुपारी तो आला. पाऊस उघडला होता. ओट्यावर बसला. आईनं चहा दिला, तो त्यानं निवू दिला.

"काका," तो अखेर म्हणाला, "पंचायतीच्या कामाला सालवडला गेलो होतो. रामकिसनचं बिऱ्हाड दिसलं, आमच्या शेजारचं. मीच काढायला लावलेलं. ताटी पावसानं पडलीय. त्याची म्हातारी आय पान्यात बसलेली. त्यानं मला ओळखलं आन तोंड फिरवलं." त्यानं पेला खाली ठेवला. "मी काय करावं?"

बाबांनी त्याच्याकडं बघितलं. मला वाटलं ते आता मिस्त्रीची गोष्ट सांगतील. सांगितली, पण ती नंतर, वाटेत. आधी ते उठले, खुंटीवरची छत्री घेतली आणि म्हणाले, "मी अकरा वर्षं लावली. तू आजच चल."

"आत्ता?"

"आत्ता. एकनाथ, गोठ्यातली ताडपत्री घे."

आम्ही तिघं चिखलातून सालवडकडं निघालो. पुढं बाबा, मधे दामू, मागं डोक्यावर ताडपत्री घेऊन मी. आमच्यात बापाचे आभार मानायची रीत नाही. मी कधी मानले नाहीत. पण त्या वाटेवर, त्यांच्या वाकलेल्या पाठीकडं बघत चालताना, ते मला मनात किती वेळा मानावेसे वाटले ते मलाच ठाऊक.

रामकिसननं आम्हाला येताना बघितलं. तो ताटीचा वासा हातात धरून उभा होता. मग त्यानं वाशाचं एक टोक दामूकडं केलं आणि म्हणाला, "धरा इकडनं."

दामूनं धरलं.